सुईचं काही नाही

तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं म्हटलं की घरातले सगळे सुईबद्दल बोलायला लागतात. “मुंगी चावल्यासारखं होईल फक्त,” “तिकडे बघूच नकोस,” “रामरक्षा म्हण मनातल्या मनात.” चाळिशी उलटलेल्या बाईला मुंगीचा दाखला देऊन धीर द्यावा लागतो, याची मला मजा वाटते. पण त्यांचं तरी काय चुकलं? धडधाकट माणसाला रक्त तपासणीत भ्यायचंच असेल तर सुईशिवाय आहे काय तिथे? माझ्या हिशेबात सुई हा सगळ्यात स्वस्त भाग. महाग पडतं ते बाकीचं: लवकर उठणं, आंघोळ, रिकाम्या पोटी जिना, मोठ्या आवाजातल्या टीव्हीसमोर ताटकळणं. आणि त्याची वसुली त्याच दिवशी होत नाही. ती होते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा रक्त दिल्याची आठवणसुद्धा घरात कुणाला उरलेली नसते.

मला मायॅल्जिक एन्सेफेलोमायलायटिस आहे. हे नाव पूर्ण म्हणेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडतं, म्हणून क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणावं लागतं, आणि ते म्हटलं की उत्तर ठरलेलं: “अगं, थकवा तर हल्ली सगळ्यांनाच असतो.” माझं सुरू झालं एका साध्या व्हायरल तापानंतर. ताप गेला, अंगातलं त्राण काही परत आलं नाही. पण नुसतं दमणं ही या आजाराची खूण नाही. झेपेल त्याच्या जरा पुढे गेलं की शरीर कोसळतं, आणि तेही उशिरा, बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानाचे निकष मांडले, त्यात हे कोसळणं सक्तीचं धरलं आहे. सोबत सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, कामधाम बंद पाडणारा थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यांतलं निदान एक. या यादीत रक्ताचा एकही आकडा नाही, कारण निदान पक्कं करणारा तसा आकडा अजून कुणाला सापडलेला नाही.

मग इतकं रक्त कशासाठी काढतात? दुसरं काही नाही ना, हे बघायला. थकव्याचे संशयित पुष्कळ, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांवर औषध आहे. थायरॉइड मंदावलंय का, हिमोग्लोबिन उतरलंय का, साखर, किडनी, लिव्हर, कॅल्शियम, गव्हातल्या ग्लुटेनशी शरीराचं वाकडं आहे का, स्नायूंना इजा झाली की वाढतं ते सीके कसं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत यादी साधारण अशीच आहे, फेरिटिनसकट, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीसकट. आपल्याकडचे डॉक्टर त्यात बी-१२ आणि डी आपणहून घालतात, शाकाहारी घरात तर ते योग्यच आहे. हे सगळं एकदा नीट व्हायलाच हवं. थकव्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या डॉक्टरपेक्षा फेरिटिन लिहून देणारा कधीही बरा. माझी कुरकुर आहे ती प्रत्येक नव्या डॉक्टरने पाटी कोरी करून सुरुवात करण्याबद्दल. आधीच्या रिपोर्टांची फाइल पुढे सरकवली तरी वरचं एखादं पान उलटतात आणि म्हणतात, “आपण आपल्याकडून एकदा करून घेऊ.” त्यांचं होतं ‘एकदा’, माझा जातो आठवडा.

पूर्वी मी जायचे ती लॅब पेठेतल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट नाही. खाली अमृततुल्य, आणि त्याच्या चहाचा वास जिन्यातून थेट वरच्या खुर्च्यांपर्यंत यायचा. उपाशी माणसांना बरोब्बर त्या वासात बसवायची कल्पना कुणाची होती कोण जाणे. सकाळी सातला गेलं तरी पुढे दहा-बारा जण असायचेच. बहुतेक ज्येष्ठ नागरिक, टेकडीवरून थेट आलेले, पायात स्पोर्ट्स शूज, माझ्या वडिलांच्या वयाचे आणि माझ्यापेक्षा कितीतरी तरतरीत. टोकनचा नंबर पुकारला की टुणकन उठायचे. साखरवाले काका स्टीलच्या डब्यात पोहे घेऊन यायचे: उपाशीपोटीचं रक्त दिलं की तिथेच खायचे आणि दोन तासांनी पीपीचं द्यायचे, तेवढ्या वेळात अख्खा पेपर शब्दकोड्यासह संपायचा. टीव्हीवर कुणीतरी बाई मोठ्या आवाजात राशिभविष्य सांगत असायच्या. माझ्या राशीला त्या दिवशी हमखास प्रवासाचे योग.

त्या खोलीत मला सगळ्यात जड जायचं ते बसणं. पाय खाली सोडून, पाठ ताठ, डोकं टेकायला काही नाही, असं पंधरा-वीस मिनिटं बसलं की रक्त पायांत उतरतं, छातीत धडधडायला लागतं, समोरच्या दरपत्रकावरची अक्षरं हलायला लागतात. एकदा शेजारच्या आजींनी माझा चेहरा निरखून हळूच विचारलं, “दिवस गेलेत का गं?” मी नाही म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मग अशी काय बसलीयेस?” आणि आपली पिशवी उचलून मला पाय वर घ्यायला जागा करून दिली. कारण कळल्याशिवाय मदत करणारी माणसं अशी अधूनमधून भेटतात. काउंटरवर मात्र रीत वेगळी. आडवं पडायला जागा मिळेल का, असं विचारलं की पहिला प्रश्न येतो, “चक्कर येतेय का मॅडम?” अजून नाही आलेली, म्हणून तर विचारतेय! चक्कर आल्यावर कॉट देतात, ती येऊ नये म्हणून मागितली तर बघू म्हणतात.

उपाशीपोटी म्हणजे काय, यावर आमच्या घरात एकमत होणं कठीण. उपास म्हटला की आपल्याकडे दोनच टोकं, खिचडी नाहीतर निर्जळी. मावशीने एकदा ‘उपासाला चालतं’ म्हणून राजगिऱ्याचा लाडू खाऊन रक्त दिलं आणि साखर का वाढली म्हणून आठवडाभर घोर लावून घेतला. आई याच्या उलट. रात्री आठनंतर पाण्याचा थेंब नाही, जणू लॅबमध्ये हरतालिकाच पुजायची आहे. साधं पाणी चालतं. चालतं काय, प्यायलाच हवं. पाणी कमी पडलं की शिरा दबतात आणि मग हातभर शोधाशोध. शिवाय हा आजार असलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणांना पॉट्सचा त्रास असतो, म्हणजे उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढतात, रक्तदाब फारसा न पडताही. अशा माणसाने रात्रभर कोरडं राहून सकाळी रांगेत उभं राहणं म्हणजे संकटाला घरी जाऊन आवतण देणं. मी निघण्याआधी दोन मोठे पेले पाणी पिते आणि मगच चप्पल घालते.

आणि मुळात प्रत्येक तपासणीला उपास लागत नाही. दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी कधीही देता येतं. रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसीला उपास नाही, बी-१२ आणि डीला नाही. कोलेस्टेरॉलसाठीसुद्धा नेहमीच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फारच वाढलेलं निघालं तर उपाशीपोटी पुन्हा बघायचं. थायरॉइडलाही उपास नको, पण त्यात मोजतात तो टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, तेव्हा दर खेपेला साधारण एकाच वेळी द्यावं, म्हणजे मागच्याशी तुलना करता येते. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचा हार्मोन, मात्र सकाळी आठच्या सुमारासच, तिथे सुटका नाही. लॅबला फोन केला तर सगळ्यालाच “बारा तास फास्टिंग” असं उत्तर मिळतं, कारण त्यांना ते सोपं पडतं. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. माझ्या डॉक्टरांनी यादी बघून “कशाला उपाशी राहताय?” म्हटलं, त्या दिवशी मी गरम उपीट खाऊन सकाळी अकराला रक्त दिलं. इतकी माणसात होते की रक्त घेणाऱ्याला त्याचं गाव विचारलं.

जाता जाता एक. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि थकलेल्या बाईला अशा गोळ्या कुणी ना कुणी देतंच. जास्त प्रमाणातल्या बायोटिनने काही तपासण्यांचे निकाल चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७मध्ये दिला होता. थायरॉइडच्या तपासण्या त्यातच मोडतात. म्हणजे ज्या ग्रंथीवर पहिला संशय, तिचीच साक्ष बिघडायची. गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगावं आणि ते म्हणतील तितके दिवस थांबवावी.

सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांच्यासाठी एक चांगला उपाय आहे. भोवळ येते ती ठोके मंदावून रक्तदाब एकदम पडतो म्हणून. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर एक तंत्र बसवलं. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबायचं, पुन्हा आवळायचे. रक्तदाब टिकून राहतो. भाच्याला मी हे शिकवलं आणि त्याची भोवळ थांबली. मला स्वतःला परवडत नाही, कारण सगळं अंग असं पाच वेळा आवळलं तर दुपारचं जेवण वाढून घ्यायला हात उचलायचा नाही. आपण आपलं सरळ आडवं पडावं. आडवं पडून रक्त देता येतं आणि नंतर दहा मिनिटं तसंच पडून राहता येतं. फक्त हे वेळ ठरवताना फोनवरच सांगून ठेवायचं, सुई हातात घेतलेल्या माणसाला नाही.

हल्ली बहुतेक वेळा मी घरीच बोलावते. येणारा मुलगा पंचविशीतला, पाठीवर थंड पेटीची बॅग. मी पलंगावर आडवी, कोपराखाली टॉवेलची घडी. तो आधी काहीच करत नाही, दोन्ही हात उघडे करून नुसता बघतो. मग दंडाला पट्टा बांधतो आणि कोपराच्या खळगीत बोटाचं पेर दाबत-सोडत फिरवतो, नजर भलतीकडेच, खिडकीबाहेर. “शीर दिसायची वाट नाही बघायची ताई, ती बोटाला लागते,” असं त्याने एकदा सांगितलं. मूठ सारखी आवळ-सोड करायला लावत नाही, कारण तसं केलं तर पोटॅशियम उगाचच जास्त दिसू शकतं. पट्टाही मिनिटाच्या वर ठेवत नाही. माझ्या शिरा बारीक, म्हणून बटरफ्लाय: प्लास्टिकचे दोन पंख असलेली सुई आणि मागे लांब नळी. नळीच्या तोंडाशी लाल ठिपका उमटला की “आलं” म्हणतो. आधी पिवळ्या टोपणाची ट्यूब, मग जांभळी, आणि साखर असेल तर सगळ्यात शेवटी करडी. हा क्रम त्याच्या मर्जीचा नाही. जांभळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. त्याचा अंश पिवळीत गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम उतरलेलं दिसतं. भरलेली ट्यूब तो मनगट वळवून सावकाश उलटीसुलटी करतो. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि पुन्हा टोचावं लागतं. मग लेबल चिकटवताना वय विचारतो, आणि ते आठवायला मला लागतो तेवढा वेळ मान वर न करता थांबतो. एरवी बोलत नाही. त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच.

मावशीचा सिद्धांत असा, की एवढं एवढं रक्त काढून नेतात म्हणून ही अशी पडते. तीन-चार ट्यूबा मिळून दहा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे फार तर तीन छोटे चमचे. अंगात असतं चार-पाच लिटर. रक्तदानाच्या पिशवीतसुद्धा ३५० मिलिलिटर जातं आणि माणूस चहा-बिस्किट खाऊन ऑफिसला जातो. रक्तदान मात्र आम्ही करू नये. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१०पासून या आजाराच्या माणसाचं रक्त घेतच नाहीत, देणाऱ्याच्याच तब्येतीची काळजी म्हणून. पण ट्यूबांमधल्या त्या तीन चमच्यांचा माझ्या कोसळण्याशी संबंध नाही, हे मावशीला पटवणं मी सोडून दिलं आहे.

तपासणीच्या दिवशी मी उलट बरीच दिसते. घरी येऊन दोन घास खाते, हसून बोलते, आईला वाटतं निभावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घसा धरतो, मानेच्या गाठी हुळहुळायला लागतात, आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढून घेणंसुद्धा नको होतं. म्हणून आदला दिवस आणि नंतरचे दोन दिवस मी रिकामे ठेवते. केस धुणं नाही, पाहुणे नाहीत, फोन आईकडे. आंघोळ आदल्या संध्याकाळी बसून. सैल बाहीचा कुर्ता उशाशी काढून ठेवलेला. घरी रक्त घेतलं तर यातलं पुष्कळसं टळतं. नाइसच्या सूचनांत ज्यांचा आजार तीव्र आहे त्यांना घरी जाऊन सेवा देण्याबद्दल लिहिलं आहे. आपल्याकडे ती सोय थोडे जास्त पैसे मोजून मिळते, तीही शहरात. तालुक्याच्या गावाहून एसटीने उपाशीपोटी येणारी माझ्यासारखी एखादी असेलच, तिचं काय होत असेल ते मला चांगलं कळतं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतो. सगळं नॉर्मल. घरचे देवापुढे साखर ठेवतात आणि मी मात्र हिरमुसते. काहीतरी निघावं, काहीतरी ज्याची गोळी मिळते असं, ही इच्छा बोलून दाखवण्यासारखी नाही, पण असते. रिपोर्टात आकड्याशेजारी छापलेल्या ‘नॉर्मल’ रेंजबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. ती ठरवतात बहुधा निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून. म्हणजे कुठल्याही एका तपासणीत वीसातला एक ठणठणीत माणूस रेंजच्या बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. आता ‘फुल बॉडी’ पॅकेजची जाहिरात आठवा: सत्तर-ऐंशी तपासण्या, दिवाळीची खास सवलत. त्यात काही ना काही ठळक अक्षरांत छापून येणार, मग ते ‘रिपीट’, मग पुन्हा जिना. मला या पॅकेजांचा मनस्वी राग आहे. उलट फेरिटिन रेंजमध्ये असूनही पार तळाला टेकलेलं असू शकतं, हिमोग्लोबिन ठीक असताना लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि तिथे कुणी ठळक अक्षरं वापरत नाही. त्यामुळे मी रंग आणि बाण बघत नाही, आकडा बघते, मागच्या आकड्याच्या शेजारी ठेवून. एका फुलस्केप कागदावर सगळं उतरवून काढलंय, वर तारखा, डावीकडे तपासण्यांची नावं. नव्या डॉक्टरपुढे जाड फाइलीऐवजी हा कागद ठेवला की ते तो खरोखर वाचतात.

नॉर्मल म्हणजे जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, इतकंच. शोधायचं कसं यावर काम चालू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉन डेव्हिस, ज्यांचा मुलगा याच आजाराने अंथरुणाला खिळला, त्यांच्या गटाने २०१९मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. २० रुग्ण, २० निरोगी. रक्ताच्या नमुन्यात मीठ वाढवून पेशींना ताण दिला आणि त्यांचा विजेला होणारा विरोध मोजला. निरोगी पेशींनी तो ताण निभावून नेला, रुग्णांच्या नमुन्यात विरोध बराच वाढला. पेठेतल्या लॅबमध्ये ही तपासणी मिळत नाही आणि इतक्या थोड्या माणसांवरून फार काही म्हणूही नये. पण कल्पना मला एकदम पटली. रक्ताला आधी कामाला लावा, मग विचारा. मीसुद्धा पलंगावर पडून असते तोवर कुणालाही ठीकच दिसते. दुसरा प्रयोग ब्रिटनमधला, डिकोडएमई नावाचा. त्यांनी रुग्णांना कुठे बोलावलंच नाही, टपालाने घरी नळी पाठवली आणि लाळ मागवली. ऑगस्ट २०२५मध्ये पहिले निष्कर्ष आले: १५,५७९ रुग्णांच्या डीएनएची निरोगी लोकांशी तुलना केल्यावर ८ ठिकाणी फरक दिसला. त्या ८ ठिकाणांचा अर्थ लागायला वेळ लागेल. पण अंथरुणात पडल्यापडल्या थुंकता येईल अशी नळी ज्यांनी धाडली, त्यांच्या आखणीत आजारी माणसं सुरुवातीपासून बसलेली होती, हे मला न वाचताही कळलं असतं.

सध्याच्या डॉक्टरीणबाईंना मी प्रत्येक तपासणीबद्दल एकच विचारते: आकडा वर गेला तर तुम्ही काय कराल, आणि खाली गेला तर काय कराल? पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी स्वतःच लिहिलेली यादी पुन्हा वाचली, पेन उचललं आणि जवळजवळ निम्मी नावं खोडली. आता पुढची खेप पावसाळा संपल्यावर. टीएसएच आणि फेरिटिन, एकाच सुईत, उपास नाही. मावशीला हे कळल्यापासून तिने बिटाच्या रसाचा धोशा लावलाय, रोज एक बाटली कुणाच्या तरी हाती पाठवणार म्हणते. पाठव म्हटलं, पण येणाऱ्याला सांग, बेल एकदाच वाजवायची, आणि दार उघडायला वेळ लागला तरी जायचं नाही.